सोसायटीच्या आवारात सामायिक भाजीबाग: जागा, माती आणि वाफे

शहरात एखादा तुकडा मोकळा राहिलेला असेल तर त्याला बहुधा कारण असतं. तिथे बांधकामाचा राडारोडा भरावात टाकलेला असतो, खालून ड्रेनेजची लाइन गेलेली असते, पूर्वी गॅरेज असतं, नाहीतर वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात कचरा जाळलेला असतो. पुणे, ठाणे, नाशिक, मुंबईच्या सोसायट्यांमधून दहा-बारा घरं मिळून भाजी लावण्याची टूम निघाली आहे आणि ती चांगलीच आहे. पण पहिल्याच रविवारी कुदळ-फावडी घेऊन जमण्याची घाई नडते. वाफे आखण्याआधी जागेचा पूर्वेतिहास काढा आणि माती तपासून घ्या.

तपासणीबद्दल सर्रास एक गैरसमज असतो, तो आधीच दूर करू. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बारा घटक बघतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की विम्ल), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यात शिसं नाही, कॅडमियम नाही, आर्सेनिक नाही. हा अहवाल पिकाला काय मिळेल ते सांगतो. माणसाच्या पोटात काय जाईल ते सांगत नाही. अहवालात सगळे रकाने 'मध्यम' आणि 'भरपूर' आले म्हणून माती खाण्याच्या भाजीसाठी सुरक्षित ठरली, असं कुणी सभेत म्हणालं तर तिथेच थांबवा. शेतजमिनीला तेवढी तपासणी पुरते, गॅरेजच्या मागच्या जागेला पुरत नाही.

जागा कुणाची आणि पूर्वी तिथे काय होतं

जागा सोसायटीची असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या आणि इतिवृत्तात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: नेमकं क्षेत्र, किमान तीन वर्षांची मुदत, पाण्याची जोडणी कुठून, आणि बाग बंद झाली तर जागा पूर्ववत कोण करणार. तोंडी परवानगीवर उभी राहिलेली बाग नवी कमिटी आली की पार्किंग होते. महापालिकेच्या जागेसाठी उद्यान विभागाचं लेखी पत्र हवं. आवारातलं झाड किंवा मोठी फांदी आड येत असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. उन्हासाठी गुपचूप फांद्या छाटणं महागात पडतं.

पोडियमवर (पार्किंगच्या छतावरच्या अंगणात) किंवा गच्चीवर वाफे करायचे असतील तर सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. भिजलेल्या मातीचा एक फूट थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. राबत्याच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण १५० किलो आहे. हिशेब उघड आहे. गच्चीवर पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि कोकोपीटवर चालणारे हलके वाफे हा वेगळा प्रकार आहे, महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून माती करण्याचं तंत्र घरोघर नेलं आणि गच्चीसाठी तेच बरं. इथे पुढे जे सांगितलं आहे ते जमिनीवरच्या बागेसाठी.

इतिहास काढायला फारसा खर्च येत नाही. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, शहराच्या कडेला असाल तर जुने सातबारा उतारे, जुन्या विकास आराखड्याचा नकाशा आणि उपग्रहाची जुनी चित्रं, एवढ्यात वीसेक वर्षं तरी उलगडतात. उरलेलं वॉचमन, जुना वाणी आणि समोरच्या चाळीतले आजोबा सांगतात. नेमके प्रश्न विचारा. इथे बॅटरी दुरुस्ती होती का? मुलामा देण्याचं किंवा रंगाचं काम चालायचं का? ट्रान्सफॉर्मर होता का? डिझेल जनरेटर कुठे ठेवला होता? पावसाळ्यात नाल्याचं पाणी चढतं का? सुकी पानं आणि प्लास्टिक कुठे जाळत?

उत्तरांवरून काय शोधायचं ते ठरतं. बॅटरीच्या कामातून शिसं येतं. मुलाम्याच्या कामातून क्रोमियम, निकेल आणि कॅडमियम. गॅरेज आणि जनरेटरमधून तेलं, जळलेल्या कचऱ्यातून काजळीतली घातक कर्बसंयुगं. जुन्या भिंतीलगत शिशाचा रंग असतो: घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. हमरस्त्याला लागून असलेल्या मातीत जुन्या पेट्रोलचं शिसं असू शकतं. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, पण शिसं कुजत नाही, फारसं झिरपतही नाही. वरच्या काही इंचांत पडून राहतं.

इमारतीच्या पायालगत आणखी एक गोष्ट असते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बांधकामाच्या वेळी आणि नंतरही वाळवी लागू नये म्हणून भिंतीच्या कडेने चर घेऊन कीटकनाशक ओततात, बहुतेकदा क्लोरपायरीफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड. त्यामुळे भिंतीपासून पाच-सहा फूट सोडूनच पहिला वाफा घ्या. रंगाचे पोपडेही त्याच पट्ट्यात पडतात, आणि भिंतीला ओल येते ही तळमजल्याची तक्रारही आपोआप टळते. या पट्ट्यात जास्वंद, अनंत, तगर लावा.

खड्डा घेऊन बघा

जागेत तीन-चार ठिकाणी दोन फूट खोल खड्डे घ्या आणि कडा नीट बघा. वर सहा इंच छान लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, प्लास्टर, फरशी असा थर निघाला तर तो भराव आहे. वरची माती फक्त देखाव्याला पसरलेली. डांबराचे गोळे, रॉकेलसारखा वास, पाण्यावर तेलाचा तवंग, निळसर-हिरवे किंवा राखेचे पट्टे दिसले तर त्या जागी खोदकाम थांबवा. तुटलेल्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे सापडले तर ते हातोडीने फोडू नका, सुके असताना झाडू मारू नका. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून, तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावून, जाड पिशवीत बंद करा.

त्याच खड्ड्यात निचरा बघता येतो. एक फूट खोल खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला इंचभर तरी पाणी उतरायला हवं. काळ्या मातीत किंवा रोलर फिरवलेल्या भरावात ते तसंच उभं राहतं. तिथे जमिनीत लावलेली रोपं जुलैमध्ये मुळापासून सडतात.

राडारोड्याची आणखी एक खोड. सिमेंट आणि चुन्यामुळे सामू साडेआठच्या वर जातो, लोह पिकाला मिळत नाही, आणि कोवळी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. मंडळी समजतात खत कमी पडलं, म्हणून युरिया टाकतात. पानं तशीच राहतात.

नमुना कसा घ्यायचा

दोन वेगळे नमुने लागतात, कारण प्रश्न दोन आहेत.

पिकाच्या तपासणीसाठी नेहमीचीच पद्धत: नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० ते २२ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत कापायची, सगळी माती स्वच्छ गोणपाटावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायचं. खत घातल्यावर लगेच किंवा उकिरड्याच्या जागेतून नमुना घेऊ नये.

जड धातूंसाठी मात्र सगळी जागा एका नमुन्यात मिसळू नका. भिंतीलगतचा पट्टा, रस्त्याकडचा पट्टा, मधला भाग, जळकी जागा, असे विभाग पाडा आणि प्रत्येकाचा वेगळा नमुना करा. कारण साधं आहे. पाच ठिकाणांपैकी चार ठिकाणी शिसं २० पीपीएम आणि एका ठिकाणी ६०० असेल तर एकत्र नमुन्याचा आकडा १३६ येतो. तो बघून सगळे निश्चिंत होतात आणि नेमक्या ६०० च्या जागेवर मेथी पेरली जाते. विभागाच्या आत पाच-सहा ठिकाणची माती मिसळायला हरकत नाही. वाफ्यासाठी १५ ते २० सेंटिमीटर खोलीचा नमुना घ्या. मुलं खेळणार असतील तिथे फक्त वरच्या पाच सेंटिमीटरचा वेगळा. गॅल्व्हनाइज्ड बादली वापरू नका, तिचं जस्त नमुन्यात उतरतं. रंगवलेलं खुरपं नको, खताची जुनी गोणी तर नकोच. स्टीलचा मोठा चमचा आणि नवी प्लास्टिकची पिशवी पुरते. पिशवीवर विभाग, खोली आणि तारीख लिहा.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची निवडा, आणि ती मान्यता मातीतल्या जड धातूंच्या चाचणीसाठी आहे ना, तेही विचारा. मागणी अशा शब्दांत करा: 'मातीतलं एकूण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, पारा, आम्लात विरघळवून आयसीपी किंवा एएएस पद्धतीने, कोरड्या वजनावर मिलिग्रॅम प्रतिकिलो.' 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. शेतीच्या प्रयोगशाळा जस्त, तांबं वगैरे डीटीपीए पद्धतीने काढतात. तो पिकाला उपलब्ध होणारा छोटासा अंश असतो आणि सुरक्षिततेसाठी निरुपयोगी. गॅरेज किंवा जळकी जागा असेल तर पेट्रोलियम हायड्रोकार्बन (तेलाचे अंश) आणि पीएएच (काजळीतली ती घातक कर्बसंयुगं) याही चाचण्या सांगा. त्या महाग पडतात, म्हणून सरसकट करू नका. इतिहासात तसं काही निघालं तरच.

अहवाल हातात आल्यावर

शिशासाठी एक धरून चालण्याजोगा आकडा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा आहे: निवासी मातीत पूर्वी त्यांची पातळी ४०० पीपीएम होती, जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. मिलिग्रॅम प्रतिकिलो आणि पीपीएम एकच. आमच्या मते भाजीबागेने याहून कडक राहावं. १०० च्या खाली असेल तर नेहमीची स्वच्छता पाळून जमिनीत लावा. १०० ते २०० च्या दरम्यान जमिनीत फक्त फळभाज्या आणि वेल, पालेभाजी व कंद गादीवाफ्यात, म्हणजे जमिनीच्या वर कडा बांधून बाहेरची माती भरलेल्या वाफ्यात. २०० च्या वर सगळंच स्वच्छ माती भरलेल्या गादीवाफ्यात, आणि उघडी जमीन कुठेही राहू द्यायची नाही. ४०० च्या वर भाजीबागेचा विचार सोडा. तिथे लॉन किंवा दाट झुडपं लावून माती झाकून टाका, आणि लहान मुलांना त्या मातीत खेळू देऊ नका.

दख्खनच्या मातीसाठी एक टीप हवीच. आपली काळी माती बेसाल्ट म्हणजे काळ्या कातळापासून झालेली, आणि बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. पुणे-नाशिक-संभाजीनगरकडच्या अहवालात हे आकडे परदेशी तक्त्यांपेक्षा वर दिसले तर लगेच हाय खाऊ नका. दोन किलोमीटरवरच्या जुन्या शेतातला एक नमुना सोबत द्या आणि तुलना करा. दोन्हीकडे सारखंच असेल तर ते कातळाचं देणं आहे, आणि ते क्रोमियम बहुतेक कमी घातक त्रिसंयुजी रूपात असतं. शिशाचं तसं नाही. बेसाल्टमध्ये ते फार कमी. शिशाचा आकडा शंभरीकडे गेला तर ते माणसानेच आणलेलं आहे असं समजा.

शिसं पोटात जाण्याचा मुख्य रस्ता भाजीच्या मुळांतून जात नाही. ते धुळीतून जातं: हाताला, नखात, चपलेला, पानाच्या बेचक्यात चिकटलेल्या मातीतून. रोप स्वतः शिसं फारसं वर चढवत नाही. कॅडमियम मात्र चढवतं, आणि पालक त्यात पुढे. म्हणून शिसं असलेल्या जागेत सगळा भर माती झाकण्यावर आणि धुण्यावर द्यायचा, कॅडमियमचा आकडा वाढलेला असेल तर पालेभाजी त्या मातीत लावायचीच नाही. सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल तर दोन्ही धातू मातीला धरून राहतात. कोकणच्या जांभ्या मातीचा सामू पाच-साडेपाचपर्यंत उतरतो. तिथे परीक्षणाप्रमाणे शेतीचा चुना घाला. देशावर चुना घालायची गरज नाही, तिथे तो आधीच जास्त आहे.

गादीवाफा

वाफा दहा फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच. चारपेक्षा रुंद केला तर मधलं तण काढायला लोक आत पाय देतात आणि माती दबते. मुलांसाठी तीन फूट पुरे. दोन वाफ्यांत अडीच फूट वाट ठेवा. एक वाट चार फुटांची, म्हणजे चाकाची खुर्ची आणि हातगाडी जाते. सुरुवातीला सहा वाफे पुष्कळ झाले. पहिल्याच वर्षी वीस वाफे घालणाऱ्या बागा मे महिन्यात, सगळे गावाला गेले की, वाळून जातात.

कडेला नव्या विटा, जांभ्याचे चिरे, पेव्हर ब्लॉक, कडाप्पा, काहीही चालतं. चालत नाही ते असं: जुनं रंगवलेलं लाकूड, सिमेंटचे जुने पत्रे, टायर आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, ज्यांना क्रिओसोट (लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल) चोपडलेलं असतं. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या वापरायच्या असतील तर त्यांवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते नको. शिक्काच नसेल तर सरपणालाही वापरू नका.

तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचं, कडेपर्यंत वर वळवून अंथरा. पाणी खाली जातं, मुळं आणि खालची माती वेगळी राहते. बरेच जण पैसे वाचवायला प्लास्टिकची शीट घालतात. पहिल्या जोराच्या पावसात वाफ्याचा हौद होतो, मुळं कुजतात आणि कडेला साचलेल्या पाण्यात डास होतात. कापड घालण्याआधी खालचं तण उपटून जमिनीला हलका उतार द्या.

भरणी: एका वाफ्यात ४० घनफूट माल बसतो. त्यात २० घनफूट माती, १० घनफूट कुजलेलं खत, १० घनफूट कोकोपीट किंवा अर्धवट कुजलेला पाला. म्हणजे एका ब्रासमध्ये, १०० घनफुटांत, पाच वाफ्यांची माती होते. खत साधारण १५० किलो लागतं, कोकोपीटच्या पाच किलोच्या चार विटा. वर अर्धा किलो निंबोळी पेंड. 'खत जितकं जास्त तितकं चांगलं' म्हणून अर्धा वाफा खतानेच भरू नका. क्षार वाढतात, पानांच्या कडा करपतात आणि वर्षभरात वाफा निम्मा खाली बसतो. या प्रमाणातही पहिल्या पावसाळ्यानंतर दोनेक इंच बसतोच, तेवढी भर ठेवा. कोकोपीट दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं.

विकतची माती आणि खत

गादीवाफा सुरक्षित असतो तो त्यातल्या मालाइतकाच. टेम्पोने येणारी 'लाल माती' कुठून उकरली ते विचारा. गाडी रिकामी करण्याआधी फावड्याने मधला माल काढून बघा; काच, प्लास्टर, थर्मोकोलचे दाणे दिसले तर परत पाठवा. एकदा ओतली की टेम्पोवाला फोन उचलत नाही. मोठा व्यवहार असेल तर त्या मातीचाही शिशाचा नमुना पाठवा.

शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादा आहेत: शिसं १००, कॅडमियम ५, आर्सेनिक १०, निकेल ५०, क्रोमियम ५०, पारा ०.१५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या खाली. विक्रेत्याकडे बॅचचा अहवाल मागा. भाजीबागेसाठी आवारातला ओला कचरा आणि पाला यांचं स्वतःचं खत जास्त बरं, फक्त ते नीट तापलं पाहिजे. ढीग किमान तीन फूट लांब, रुंद, उंच असेल तरच आतली उष्णता ५५ अंशांवर जाते आणि टिकते. १५ दिवस ती टिकवून त्यात पाच वेळा पालटलं तर रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. कच्चं शेण घालायचं असेल तर मातीला टेकणारी भाजी काढण्याच्या १२० दिवस आधी घाला, उंच वाढणाऱ्यांसाठी ९० दिवस.

निर्माल्य ही आपल्याकडची खास अडचण. फुलं खतात छान कुजतात म्हणून देवळातलं आणि गणपतीतलं निर्माल्य सरळ ढिगात जातं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शेंदूर माखलेले हार, गुलालाने रंगलेली पानं, जरीच्या चमकत्या पट्ट्या, दोरे, हे सगळं आधी वेगळं काढा. स्वच्छ फुलं आणि दूर्वा तेवढ्या ढिगात. रंगपंचमीनंतर आवार झाडलेला कचरा, दिवाळीनंतर फटाक्यांचे कागद आणि रंगीत मूर्तीची विसर्जनानंतरची माती, यातलं काहीही वाफ्यात किंवा खतात नको. दिवाळीत किल्ला करायला मुलं वाफ्यातली माती नेतात, खुशाल नेऊ द्यावी. परत आणलेली मात्र कुंपणाकडच्या झाडांना.

पाणी

उन्हाळ्यात चार बाय दहाच्या वाफ्याला रोज सुमारे २० लिटर लागतं. सहा वाफ्यांना १२० लिटर, म्हणजे २०० लिटरचा एक ड्रम दिवसाआड नव्हे, रोज भरावा लागणार. ड्रम खाद्यपदार्थांचाच घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे जुने निळे ड्रम बरेचदा रसायनांचे असतात आणि कितीही धुतले तरी खात्री नसते. झाकणावर बारीक जाळी लावा.

मोरीच्या पाण्यावर अळू ही जुनी पद्धत राखेने भांडी घासायच्या काळातली. आताच्या साबणाच्या पाण्यात सोडियम असतं, काळी माती त्याने दगड होते. नाल्याचं पाणी तर कोणत्याच भाजीला नको. मुंबईत रुळांलगत नाल्यावर वाढलेल्या पालेभाजीबद्दल लोक नाक मुरडतात ते उगाच नाही. सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी फुलझाडांना द्या. बोअरचं पाणी असेल तर क्षारता एकदा मोजा, खाडीजवळ असाल तर दर उन्हाळ्यात.

काय लावायचं, कसं वागायचं

मृगाच्या सुमाराला भेंडी, चवळी, दोडका, दुधी, काकडी. वेल मांडवावर चढवा म्हणजे फळाला मातीचे शिंतोडे लागत नाहीत. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वांगी. जोराच्या पावसात पालेभाजी लावली की प्रत्येक पानावर माती उडते, म्हणून वाफ्यावर दोन इंच सुक्या पाल्याचं किंवा चिपाडाचं आच्छादन हवंच. रसवंतीवाल्याकडे चिपाड बहुधा फुकट मिळतं. आठवडाभर वाळवून घाला, ओलं घातलं तर मुंग्या लागतात. वाटांवरही जिओटेक्स्टाइल आणि त्यावर तीन-चार इंच लाकडाचा भुसा किंवा खडी टाका. आकडा वाईट आलेल्या जागेत वाफ्यांहून वाटा जास्त महत्त्वाच्या, कारण धूळ तिथूनच उडते.

बागेची चप्पल बागेतच ठेवायची. नळाशेजारी साबण. अनवाणी कुणी नाही. दवावर अनवाणी चालणं छान असतं, पण मातीत हुकवर्म (पायाच्या कातडीतून शिरणारे जंत) असतात आणि मांजरं घाण करायला मऊ वाफा शोधूनच येतात. नवीन पेरलेल्या वाफ्यावर कोंबडीजाळी आडवी टाका. भाजी घरी नेण्याआधी मुळं आणि बाहेरची पानं तिथेच काढा, घरी वाहत्या पाण्याखाली पान-पान वेगळं करून धुवा, मुळा-गाजर सोलून घ्या.

माणसांची व्यवस्था थोडक्यात. वाफे घरागणिक वाटून दिले तर निगा चांगली राहते, पण सुट्टीवर गेलेल्याचा वाफा वाळतो आणि कीड शेजाऱ्याकडे जाते. सगळं सामायिक ठेवलं तर दोघं राबतात आणि कोथिंबीर दहा जण नेतात. चालतो तो मधला मार्ग: वाफे वाटलेले, पाणी आणि खत सामायिक पाळीने, आणि मे महिन्यासाठी माळ्याचे पैसे आधीच काढून ठेवलेले. कोणतं औषध फवारायचं यावर एकालाच अधिकार द्या. एका घराने आणलेली बाटली सगळ्यांच्या ताटात जाते.

पुन्हा कधी तपासायचं

पिकाचं परीक्षण दर दोन वर्षांनी. धातूंचं दर तीन-चार वर्षांनी, आणि मधे काही घडलं तर लगेच. पुराचं किंवा नाल्याचं पाणी वाफ्यांत शिरलं तर उभी पालेभाजी टाकून द्या, वरची इंचभर गाळाची माती खरवडून काढा आणि नमुना पाठवा. शेजारच्या भूखंडावर जुनी इमारत पाडत असतील तर ते काम संपेपर्यंत वाफे झाकलेले ठेवा.

सगळ्यात मोठा धोका मात्र आपल्याच इमारतीच्या रंगकामाचा. परांची बांधून जुना रंग घासायला सुरुवात झाली की पोपडे वीस-तीस फुटांवर उडतात. कंत्राटात दोन ओळी आधीच घाला: रंग ओला करून खरवडायचा, आणि खाली ताडपत्री अंथरून रोज संध्याकाळी पोपडे उचलायचे. वाफ्यांवर वेगळी ताडपत्री टाका आणि तेवढे दिवस काढणी बंद ठेवा. काम संपल्यावर आच्छादन गुंडाळून फेकून द्या, वरची दोन इंच माती काढून नवी भरा, आणि भिंतीकडच्या वाफ्याचा नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवा.